ट्रॅमाडॉल सुटताना

ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीच्या विथड्रॉवलचा, म्हणजे ती बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाचा, आठवडा कसा काढलास, हे मला सगळे विचारतात. सांगते. पण तो आठवडा मी एकदाच काढलेला नाही, अनेकदा काढलाय. गोळी बंद करणं मला उत्तम जमायचं. बंद ठेवणं जमत नव्हतं. माझं जवळजवळ सगळं आजारपण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मावतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

सुरुवात अगदी साधी. कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं, नस मोकळी झाली, पण डाव्या पायातून सणकत जाणारी कळ काही गेली नाही. पॅरासिटामॉलनं भागेना. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोट बिघडलं. मग ट्रॅमाडॉल आलं. "सौम्य आहे, काळजी करू नका," असं मला सांगितलं गेलं. मॉर्फिनच्या शेजारी ठेवून पाहिलं तर त्यात खोटं काही नाही. पोटातून घेतलेल्या मॉर्फिनच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतकीच त्याची ताकद. १९७७ साली जर्मनीत बाजारात आलेलं हे औषध पुढे कितीतरी वर्षं 'ओपिऑइड (म्हणजे मॉर्फिनसारखं, अफूच्या जातीचं औषध) खरं, पण नावापुरतं' अशाच थाटात वावरलं.

त्या सौम्यपणात एक मेख आहे, ती मला फार नंतर कळली. गोळी पोटात गेली की यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एक एन्झाइम तिच्यापासून दुसराच एक रेणू तयार करतं, आणि ओपिऑइड मेंदूत ज्या जागी चिकटून काम करतात त्या म्यू रिसेप्टरला तो रेणू मूळ औषधापेक्षा कितीतरी घट्ट धरतो. हे एन्झाइम कुणाच्या अंगात मंद असतं, कुणाच्या अंगात जोरात चालतं. ही जन्मजात गोष्ट आहे. खोकल्याच्या औषधांतल्या कोडीनचंही तसंच, कोडीनचं मॉर्फिन करणारं एन्झाइम हेच. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाई त्याच गोळीला "साखरेची गोळी" म्हणायच्या, आणि मी तासाभरात हसून गप्पा मारायला लागायचे. माझी तपासणी कुणी केली नाही, त्यामुळे कारण हेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

गोळीनं दुखणं थांबतं असं लोकांना वाटतं. माझं थांबलं नाही. दुखतंय हे कळत असायचं, फक्त त्याचं काही वाटेनासं व्हायचं. पाय माझाच, कळ माझीच, पण तिचा जाच नाही. आणि ही सोय पायापुरती राहत नाही. कुणी टाकून बोललं, त्याचाही जाच नाही. उद्याच्या कामाची काळजी आहे, पण ती आत शिरत नाही. ट्रॅमाडॉल सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या दोन रसायनांवरही काम करतं, त्यामुळे मला गुंगी न येता उलट हुशारी यायची. साचलेली कामं मी त्या दिवसांत झपाट्यानं उरकली. गोळी घेतलेली बाई पेंगत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला पाहिलं असतं तर म्हणाले असते, किती छान सावरली ही.

बाकीचे परिणाम कंटाळवाणे आहेत. पोट साफ होईना. आतड्यांतही हेच रिसेप्टर असतात आणि बाकी बऱ्याच गोष्टींना शरीर सरावलं तरी बद्धकोष्ठाला ते सहसा सरावत नाही. नाकाच्या शेंड्याला खाज. रात्री घामानं ओली होणारी उशी. पाळी आधी मागेपुढे झाली, मग बंदच पडली. वयाचं असेल म्हणून सोडून दिलं. ओपिऑइड दीर्घकाळ घेतली की मेंदूकडून बीजकोशांना जाणारे हार्मोनचे निरोप मंदावतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डोस वाढत गेला. त्यात गुपचूप असं काही नव्हतं. दर तपासणीला मी सांगायचे की आता तेवढ्यानं भागत नाही, आणि चिठ्ठीवरचा आकडा वाढायचा. ट्रॅमाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा साधारण ४०० मिलिग्रॅम धरतात, कारण त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढतो. त्या रेषेला टेकल्यावर मग मी कुणाला सांगणं बंद केलं. दोन वेगळ्या दवाखान्यांतून दोन चिठ्ठ्या, हा प्रकार तिथून सुरू झाला.

आता सर्दीची गोष्ट.

एका दुपारी बैठकीत मला जांभया सुरू झाल्या. झोप आलेली नसताना, जबडा दुखेपर्यंत. मग डोळ्यांतून पाणी, मग नाक. शेजारचीनं टिश्यू पुढे केला. अंगावर काटा उठलेला, तोही जाईना. बाहीखाली हात घालून पाहिलं तर रोमन् रोम ताठ उभा. सर्दी-ताप येतोय असं वाटलं. घरी गेले, पाठ दुखत होती म्हणून नेहमीची गोळी घेतली, आणि तासाभरात सर्दी गेली. पार गेली. नाक कोरडं, डोळे कोरडे, अंगात ऊब. अशी सर्दी मला आधीही येऊन गेली होती हे तेव्हा आठवलं, आणि दर वेळी ती गोळीला उशीर झाल्यावरच आली होती.

त्यानंतर मी पहिल्यांदा गोळी बंद केली. एकदम.

पहिले काही तास काहीच झालं नाही. ट्रॅमाडॉल रक्तातून उतरायला वेळ लागतो. त्रास बहुतेकांना बारा ते चोवीस तासांत सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातो. माझी पहिली रात्र पायांनी खाल्ली. दुखत नव्हते ते. आत काहीतरी वळवळत होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडेना, आणि हलवला की जेमतेम दोन सेकंद बरं वाटायचं. पलंगावर, मग फरशीवर, मग भिंतीला पाठ लावून उभ्यानं, असं मी झोपण्याचे सगळे प्रकार करून पाहिले. थंडी वाजत होती आणि घामही येत होता. चादर अंगावर घेतली की तिचा प्रत्येक धागा कळायचा, काढली की दात वाजायचे. शिंका एकामागून एक. पहाटेकडे पोटात मुरडा सुरू झाला आणि इतक्या महिन्यांचं तुंबलेलं पोट एका दिवसात रिकामं झालं.

त्यात ट्रॅमाडॉलची खास भर म्हणजे डोक्यातले झटके. मान वळवली, डोळे फिरवले की कवटीच्या आत करंट लागल्यासारखं व्हायचं. मॉर्फिन किंवा हेरॉइन सोडणाऱ्यांकडून या झटक्यांबद्दल फारसं ऐकू येत नाही. ही बाजू सिरोटोनिनची. नैराश्यावरच्या काही गोळ्या एकदम बंद करणाऱ्यांना हे झटके चांगले माहीत असतात. म्हणजे मी एकाच वेळी दोन औषधं सोडत होते आणि मला ठाऊक होतं एकच. काही जणांना यात भीतीचे झटके येतात, भास होतात, हात आपला नाही असं वाटतं. मला भास झाले नाहीत. पण नवरा खोलीत आला की उगाच दचकायचे आणि बाहेर गेला की रडायचे.

हे सगळं का होतं, याचं उत्तर मला नंतर ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी दिलं. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा लहानसा पुंजका आहे. नॉरॲड्रेनालिन सोडून शरीराला सावध ठेवणं हे त्याचं काम. ओपिऑइड त्याला दाबून ठेवतात. महिनोन्महिने दाबून ठेवलं की तो आपला जोर वाढवतो, म्हणजे दाब असतानाही काम चालतं. मग गोळी थांबते, दाब एका दिवसात जातो, पण वाढवलेला जोर तसाच राहतो. नाडी धावते, बाहुल्या मोठ्या होतात, घाम फुटतो, झोप उडते. रक्तदाबावरचं जुनं औषध क्लोनिडिन इथे उपयोगी पडतं ते यामुळेच, ते हा जोर खाली आणतं. आतड्यांचंही तेच. गोळीनं जे जे थांबवलं होतं, ते सगळं दुपटीनं चालू होतं. विथड्रॉवलची लक्षणं आठवायची असतील तर गोळीचे परिणाम उलटे वाचावेत, असं त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं या विषयावरचं हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे.

धडधाकट माणूस या त्रासानं सहसा मरत नाही. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होऊन जिवावर बेतू शकतं, त्यामुळे पाणी आणि मीठ-साखर पोटात जात राहिली पाहिजे. ट्रॅमाडॉलचा डोस मोठा असेल तर फिटचंही बघावं लागतं. एवढं सांभाळलं तर आठवड्याच्या आत शरीर बरंचसं निवळतं. माझंही निवळलं.

मग पुन्हा गोळीकडे का गेले?

कारण नवव्या-दहाव्या दिवशी लोक म्हणतात, "सुटलीस!" आणि तुम्हाला काहीच वाटत नाही. आनंद नाही, दुःखही नाही. झोप दोन-तीन तासांची. पायातली कळ परत आलेली आणि या वेळी जाचासकट. आवडीचं काहीही हाती घ्यावं तर कंटाळा सुरुवातीलाच येऊन बसलेला. ही अवस्था आठवडे, कधी महिने टिकते. मेंदू स्वतःची एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातच तयार होणारी वेदनाशामक रसायनं, पुन्हा पुरेशी वापरायला शिकेपर्यंत मधला काळ कोरडाच जातो. त्या काळात एक गोळी घेतली की अर्ध्या तासात जग जागेवर येतं, हे शरीराला पक्कं ठाऊक असतं. ही तलफ जिभेची नसते, नशेची तर नसतेच. मला फक्त नेहमीसारखं वाटायला हवं होतं.

असं बऱ्याचदा झालं. प्रत्येक वेळी घरात टाळ्या, प्रत्येक वेळी पुढे शुकशुकाट.

आणि यातच खरा धोका आहे, जो मी निव्वळ नशिबानं टाळला. काही दिवस गोळी थांबली की शरीराचा सराव वेगानं उतरतो, पण हाताला जुनाच डोस आठवत असतो. ओपिऑइड मेंदूच्या देठातल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला तरी "श्वास घे" हा हुकूम जोरानं सुटत नाही. जोडीला दारू किंवा झोपेची गोळी असेल तर आणखीच. नशामुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोसनं मृत्यू होण्याच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट असतात, ते याच कारणानं. नुसतं 'शरीर स्वच्छ करून' माणसाला घरी पाठवणाऱ्या उपचारावर माझा राग आहे तो यासाठी.

या डॉक्टरीणबाई मानसोपचारतज्ज्ञ. माझ्या धाकट्या बहिणीनं "ताई, एकदा फक्त बोलून ये" म्हणून पाठवलं. पहिल्या भेटीत त्यांनी गोळ्या किती हे विचारलंच नाही. विचारलं ते असं: ठरवलेल्यापेक्षा जास्त घेतली जाते का? कमी करायचा प्रयत्न करून फसलाय का? गोळी मिळवण्यात किती वेळ जातो? कामं, माणसं सुटताहेत का? डीएसएम-५ या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत अशा ११ कसोट्या आहेत. वर्षभरात त्यांतल्या दोन जुळल्या तर सौम्य विकार, सहा किंवा अधिक जुळल्या तर तीव्र. शरीर सरावणं आणि विथड्रॉवल या दोन कसोट्या, औषध डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत धरतच नाहीत. शरीराला गोळीची गरज लागणं हे कुणालाही, अगदी कॅन्सरच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या आजीलाही होतं. ते व्यसन नव्हे. व्यसन ठरतं ते गोळीपायी आयुष्य आखडायला लागतं तेव्हा. त्या दोन कसोट्या वगळूनही माझा आकडा तीव्रच्या बाजूला गेला. ऐकून वाईट वाटेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात हायसं वाटलं.

"वेदना असलेल्याला सवय लागत नाही" असं मला एकानं ठामपणे सांगितलं होतं, ते मी त्यांना ऐकवलं. त्या हसल्या. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं होतं. इस्पितळात दाखल असताना अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन जडल्याची नोंद फक्त चौघांची, असं त्यात होतं. ते इस्पितळातल्या रुग्णांपुरतं होतं, घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. पण पुढची कितीतरी वर्षं ते पत्र पुरावा म्हणून दाखवलं गेलं, आणि ऑक्सिकॉन्टिनसारख्या जोरकस ओपिऑइड गोळ्या त्याच भरवशावर खपवल्या गेल्या.

माझ्यापुढे पर्याय ठेवले गेले. ट्रॅमाडॉलच हळूहळू कमी करत जाणं, महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश. ज्याचा गोळीवर ताबा शाबूत आहे त्याच्यासाठी हाच राजमार्ग. माझा नव्हता. मेथाडोन, म्हणजे ट्रॅमाडॉलच्या जागी द्यायचं, बराच वेळ टिकणारं ओपिऑइड, पण त्यासाठी सुरुवातीला रोज केंद्रात जाऊन समोर डोस घ्यावा लागणार. नॅलट्रेक्सोन, जे रिसेप्टरच बंद करून टाकतं, पण त्याआधी आठवडा-दहा दिवस शरीर पूर्ण ओपिऑइडमुक्त हवं. आणि ब्युप्रेनॉर्फिन.

ब्युप्रेनॉर्फिनचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते म्यू रिसेप्टरला जबरदस्त घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच चालू करतं. आधी बसलेल्याला उठवून जागा पटकावणारा, आणि स्वतः मात्र अर्ध्याच अंगानं टेकलेला प्रवासी म्हणा. अर्धवट चालू झाल्यानं विथड्रॉवल थांबतो, तलफ बसते, आणि एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी परिणाम फारसा वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका कमी. जागा अडलेली असल्यानं वरून कुणी ट्रॅमाडॉल घेतलं तरी त्याला शिरकाव नाही. पण याच गुणामुळे वेळ चुकली तर अनर्थ. अंगात अजून आधीचं ओपिऑइड भरपूर असताना ब्युप्रेनॉर्फिन घेतलं तर ते त्याला हुसकावून लावतं, पूर्ण चालू असलेले रिसेप्टर क्षणात अर्ध्यावर येतात, आणि जो विथड्रॉवल दोन दिवसांत हळूहळू चढला असता तो अर्ध्या तासात कोसळतो. म्हणून नियम असा की आधी पुरेसं आजारी पडायचं, मग गोळी.

म्हणजे औषध समोर आहे, आणि ते घेण्याची तुमची लायकी अजून झालेली नाही. त्या सकाळी मी याच अवस्थेत दवाखान्याच्या बाकावर बसले होते. आदल्या दिवशीपासून ट्रॅमाडॉल बंद. सिस्टर दर तासाला एक कागद घेऊन यायच्या. त्यावर ११ रकाने: नाडी, घाम, अस्वस्थपणा, बाहुल्या, हाडं-सांधे, नाक-डोळे, पोट, हाताची थरथर, जांभया, चिडचिड, अंगावरचा काटा. प्रत्येकाला गुण, एकूण ४८ पैकी. ५ ते १२ सौम्य, १३ ते २४ मध्यम. बाहुल्या टॉर्चनं बघायच्या, हात पुढे करायला लावून बोटं निरखायच्या, दंडावरून तळवा फिरवून काटा तपासायच्या. पहिल्या खेपेला माझे सात भरले. "अजून नाही हं." आयुष्यात पहिल्यांदाच कमी गुणांसाठी हिरमुसले ते आजारपणाच्या परीक्षेत. दुसऱ्या खेपेला नऊ. मी म्हटलं, सिस्टर, एवढं अंग मोडतंय, चार गुण वाढवा की. त्या म्हणाल्या, "मी वाढवीन हो, पण मग गोळी घेतल्यावर शिव्या मलाच द्याल." डॉक्टरीणबाईंना माझ्यासाठी बाराच्या वर हवे होते.

तेरा भरले तेव्हा दुपार झाली होती आणि मी बाकावर पाय दुमडून, नाकाला रुमाल लावून बसले होते. २ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली. गिळायची नाही, गिळली तर यकृत तिचा बराचसा भाग वाटेतच संपवतं. बोलायचं नाही, थुंकायचं नाही. चव कडू, त्यावर कसलासा खोटा फळांचा वास, आणि तोंडात लाळ जमत राहते ती तशीच धरून ठेवायची. दहा मिनिटं तरी लागतात. त्या गोळीत थोडं नॅलोक्सोनही, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषधही, असतं. जिभेखालून ते जवळजवळ शोषलं जात नाही, पण कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तर ते जागं होतं आणि त्याला विथड्रॉवलमध्ये ढकलतं. गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याचा घोट तोंडात खळखळून गिळायचा आणि तासभर दात घासायचे नाहीत, कारण या गोळीनं दात किडतात असं आढळल्यावर २०२२ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी तशी सूचना काढली. ही साधी गोष्ट सगळे सांगतातच असं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

वीसेक मिनिटं काही झालं नाही. मग पाय शांत झाले. आधी पायच. मी खाली बघितलं तर ते फरशीवर नुसते टेकलेले होते, आणि मी त्यांना तसं ठेवलेलं नव्हतं. मग नाक कोरडं पडलं, मग जबडा सैल झाला. हुशारी नाही, ऊब नाही, तो जुना दिलासाही नाही. सिस्टरनी कसं वाटतंय विचारलं तर मला शब्द सुचेना. "काही नाही वाटत," म्हटलं, आणि ही चांगली बातमी आहे हे त्यांना माझ्याआधी कळलं. संध्याकाळपर्यंत आणखी डोस मिळाला, पुढच्या काही दिवसांत तो ८ मिलिग्रॅमवर स्थिरावला. डोक्यातले झटके मात्र ब्युप्रेनॉर्फिननं थांबले नाहीत. सिरोटोनिनच्या बाजूशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी वेगळं औषध दिलं आणि ते पुढे सावकाश कमी केलं.

नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. "अगं, एक सोडून दुसरी धरलीस, यात सुटलं काय?" त्याच्या संशयाला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य करायला हवं. हेरॉइन १८९८ साली बायर कंपनीनं खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं, आणि ते मॉर्फिनसारखं सवय लावत नाही असाच तेव्हाचा समज होता. इतक्यांदा हात पोळलेले असताना आणखी एका गोळीवर कुणी का विश्वास ठेवावा? मी त्याला डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. त्यांनी सांगितलं की मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, आणि उपचार चालू असताना रुग्णांमधले मृत्यू निम्म्याहूनही कमी होतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. औषध काढलं की ते पुन्हा चढतात. तो ऐकून घेत होता, पण आकड्यांनी तो हलला असं मला वाटत नाही. पटलं ते घरी. गोळ्या मोजणं बंद झालं, माझ्या पर्सचा कप्पा उघडा राहायला लागला, आणि ठरलेल्या दिवशी मी ठरलेल्या ठिकाणी असायचे.

त्यांनी एक नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवाराही घरात ठेवायला लावला. तो मला भोसकल्यासारखा लागला. एवढी वाईट वेळ येणार आहे का? त्यांचं म्हणणं, आग लागणार नसली तरी बंब हवा. ओव्हरडोसमध्ये बाहुल्या बारीक होतात, ओठ निळसर पडतात, श्वास अडखळतो किंवा घरघर लागते, हाक मारून माणूस उठत नाही. अशा वेळी फवारा मारायचा, रुग्णवाहिका बोलवायची, आणि माणूस उठून बसला तरी त्याला एकटं सोडायचं नाही, कारण नॅलोक्सोनचा असर अर्धा ते दीड तासात ओसरतो आणि अंगातलं ओपिऑइड त्याहून जास्त टिकू शकतं. नवऱ्यानं हे सगळं नीट पाठ केलं.

पुढचे महिने कोरडे नव्हते, एवढं सांगते. झोप आली. पाळी परत आली. रेडिओवर कुठलंसं फालतू गाणं लागलं आणि मला रडू फुटलं, तेव्हा घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन केला; त्या म्हणाल्या, येऊ दे. सगळ्यात अनपेक्षित गोष्ट पायाची. कळ कमी झाली. गोळीनं दबली नव्हती, खरोखर कमी झाली होती. ओपिऑइड दीर्घकाळ घेतल्यावर काहींच्या मज्जासंस्थेत वेदनेची दारंच मोठी होतात. ज्यासाठी गोळी घ्यायची तेच दुखणं गोळी वाढवत राहते. माझ्यात हे किती होतं आणि व्यायामानं किती उतरलं, हे वेगळं काढता येणार नाही.

मध्ये अक्कलदाढ काढावी लागली. दंतवैद्यांना आधीच सगळं सांगितलं. ब्युप्रेनॉर्फिन बंद करायची गरज नव्हती. बधिरता आणणारं इंजेक्शन आपलं काम करतं, नंतरचं दुखणं पॅरासिटामॉल आणि पोट जपत थोडे दिवस घेतलेल्या आयब्युप्रोफेनवर भागलं. त्यांनी झोपेसाठी एक गोळी लिहायला घेतली होती, ती मी थांबवली, कारण त्या वर्गातल्या गोळ्या आणि ओपिऑइड एकत्र आल्यावर श्वासाचं काय होतं हे आता मला माहीत होतं.

दीडेक वर्षानं डोस उतरवायला घेतला, तोही माझ्या आग्रहानं. डॉक्टरीणबाईंना घाई नव्हती. त्यांचे काही रुग्ण वर्षानुवर्षं याच गोळीवर आहेत आणि नोकऱ्या करताहेत, मुलं वाढवताहेत. ८ वरून ६, ६ वरून ४, यात फारसं काही जाणवलं नाही. ४ वरून २ येताना जांभया परतल्या. याचं कारण सरळ आहे: १६ मिलिग्रॅमला साधारण ८० टक्के रिसेप्टर व्यापले जातात, आणि २ मिलिग्रॅमलाही ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वरचे मोठे आकडे उतरताना फार काही सुटत नाही, शेवटचे बारीक आकडेच खरे जड. २ पासून शून्यापर्यंतची वाट ८ पासून २ पर्यंतच्या वाटेपेक्षा लांब असणार, हे मला आधीच सांगून ठेवलंय. सध्या मी २ वर आहे. गेल्या खेपेला दीडवर जायचं ठरत होतं, पण कामाचा ताण होता, झोप नीट नव्हती, म्हणून आम्ही दोघींनी ते पुढच्या तपासणीवर ढकललं.